अंगठ्याची जागा

रादमिलाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चुलीत लाकूड सारून ती कॉफी उकळायची, मुलीसाठी पाव आणि आयवारची, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची, बरणी टेबलावर काढून ठेवायची, आणि सहाच्या पाळीला व्रान्ये गावच्या बूट कारखान्यात हजर असायची. बुटाचा वरचा भाग शिवणं हे तिचं काम. मी तिथेच कातडं कापायचो. तिची शिवण कुणाला उसवावी लागली, असं मी निवृत्त होईपर्यंत पाहिलं नाही.

नवरा ऑस्ट्रियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. घरात ती आणि लेंका. पोरीचे बूट घेताना रादमिलाचा एकच नियम: बोटांपुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. वाढतं पाऊल आहे, म्हणायची. टोक दाबून बघितल्याशिवाय तिने दुकानदाराला कधी पैसे दिले नाहीत.

आठवीत गेल्यावर लेंका फोनमधल्या बायकांकडून शिकायला लागली. ओठ कसे रंगवायचे, पापण्या कशा चिकटवायच्या, फोटोसाठी मान किती वळवायची. तिच्या उड्या मारायच्या दोरीवर रादमिला आता मोजे वाळत घालायची.

मार्चमध्ये निश शहरातल्या एका तेवीस वर्षांच्या बाप्याने लेंकाने फोनवर टाकलेले फोटो बघून तिला भेटायला बोलावलं. तो निरोप रादमिलाच्या हाती लागला. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"मी आई बोलतेय. ती चौदाची आहे. ये तू, स्टँडवर मी उभी असेन. पोलिसांनाही घेऊन येईन."

तो पुन्हा फिरकला नाही. पण लेंका आईवरच भडकली. वर्गातल्या सगळ्यांचे फोटो असेच असतात, म्हणाली. घरात अबोला झाला. शेवटी सौदा ठरला: लेंकाने सगळे फोटो काढून टाकायचे, त्याबदल्यात जूनमध्ये आठवीच्या निरोपाच्या नाचाला उंच टाचेचे बूट. रादमिलाला सौदा आवडला नव्हता, पण पोरगी दुसरं काही ऐकेना. बूट मी घरी करायचे, पैसे ती शनिवारच्या जादा पाळ्यांतून देणार. फुकट नको, म्हणाली. फुकटचं काम अर्धं होतं.

ईस्टरच्या आठवड्यात लेंका मापासाठी कागदावर पाय ठेवून उभी राहिली, डोळे फोनवर. अंगठ्याची जागा सोडू का, मी विचारलं.

"ताने काका, टाचेच्या बुटात कुणी जागा सोडतं का? पाय पुढे घसरतो."

"कुणी सांगितलं?"

"एका बाईने. तिला वीस लाख लोक बघतात."

"मी समोर बसलोय, तर मला एक माणूस बघेना."

रादमिला हसली, पण पोरीचं बरोबर आहे म्हणाली. बरोबरच होतं. टाचेच्या बुटाला माप नेमकं लागतं. नेमकं घेतलं. वरचा भाग रादमिलाने स्वतः शिवला, टाच मी ठोकली. लेंका गल्लीत मिरवत सुटेल म्हणून बूट नाचाच्या दिवसापर्यंत कपाटात कुलूपबंद राहिले.

त्या दिवशी दुपारी मला निरोप आला. कातडं ताणायचा साचा घेऊन गेलो. लेंका पलंगावर बसली होती. चेहरा रंगवलेला, केस बांधलेले, आणि टाच बुटाबाहेर. मी मापाचा कागद पसरून तिला त्यावर उभं केलं. पेन्सिलच्या रेघेबाहेर बोटं गेली होती. कातडं ताणतं, पण इतकं नाही.

रादमिला कागदाकडे बघत राहिली. "तेरा वर्षं जागा सोडत आले," ती म्हणाली. "आणि हे रंगवलेलं तोंड बघून विसरलेच, की ही अजून वाढतेय."

लेंका रडायला लागली. एक पापणी सुटून गालावर आली. आता मी काय घालू, असं दोनदा विचारलं तिने.

"तोंड धू आणि चल," रादमिला म्हणाली. "दुकान अजून उघडं आहे."

न बसणाऱ्या बुटांचे पैसे मी घेत नाही, तेव्हा शनिवारची कमाई रादमिलाच्या पाकिटात तशीच होती. मीही बरोबर गेलो. दुकानात तिने गुडघे टेकून टोक दाबलं आणि एक नंबर मोठा मागितला.

"लहान मुलीसारखे दिसतात," लेंका कुरकुरली.

"दिसू देत."

त्या सगळ्या जादा पाळ्यांतून शेवटी आले ते सपाट तळाचे पांढरे कापडी बूट, पुढे अंगठ्याएवढी जागा असलेले.