सगळे हात वर झाले, ती सभा

छपराच्या त्या बाजारात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. भाजीवाल्यांपासून हमालांपर्यंत सगळ्यांची ती भोंगेबाई. मोठ्या दाराशेजारी, जिन्याच्या वळणावर काचेची एक खोली होती. तिथे माइकसमोर बसून ती दिवसभर बोलायची. कोबीची गाडी वाटेत आडवी लावलीय, काढा. लाल सदऱ्यातलं पोर रडतंय, आईने येऊन घेऊन जावं. दुपारी नळाला पाणी नाही. तिचा नवरा त्याच बाजारात तराजू दुरुस्त करायचा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "घरी एक अक्षर बोलत नाही हो. सगळं तोंड इथेच खर्ची पडतं." हे धादांत खोटं होतं, पण ऐकणाऱ्यांना गंमत वाटायची.

प्रत्येक गोष्ट ती दोनदा सांगायची. एकदा बाजाराच्या भाषेत आणि एकदा गल्लीच्या. गल्ली म्हणजे बाजाराची मागची बाजू. दूरच्या मुलखातून आलेली माणसं तिथे दुकानं थाटून बसली होती. कुणी बटणं-दोरे विकी, कुणी पत्र्याचे डबे, कुणी जुने दिवे. मोडकंतोडकं बोलून धंद्यापुरतं ती निभावून न्यायची, पण भोंग्यातलं भरभर बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं. बाजाराच्या पुढच्या बाजूच्या लोकांपैकी त्यांची भाषा नीट येणारी भोंगेबाई एकटीच. लहानपणी आई कामाला गेली की ती शेजारच्या मावशीकडे असायची आणि मावशीचं माहेर त्याच मुलखातलं. तिला भरवलं, रागावलं, निजवलं ते त्याच भाषेत. म्हणून गल्लीतल्या बायका तिला ताई म्हणायच्या आणि घरातलं काहीबाही सांगायला काचेच्या खोलीपर्यंत यायच्या. सगळ्यांत जास्त यायची ती बटणवाली.

बाजाराचा कारभार सभेत चाले. दुकान कोपऱ्यातलं असो की चौकातलं, माणूस जुना असो की काल आलेला, मत प्रत्येकाचं एकच. अध्यक्ष दोरवाला, सुतळी आणि दोरखंड विकणारा. माणूस भला होता; मागच्यांना मताचा हक्क देऊ नये असं काही जणांनी म्हटलं तेव्हा हाच त्यांच्याशी भांडला होता. "गाळा घेतला की माणूस आपला," असं तो म्हणे, आणि ते मनापासून म्हणे.

अशाच एका सभेत पुढच्या दुकानदारांनी तक्रार आणली. भोंगा फार वाजतो, गिऱ्हाईक काय मागतंय तेच ऐकू येत नाही, सगळं दोनदा कशाला? एकाच भाषेत सांगा, ज्याला कळत नाही तो शिकेल.

भोंगेबाईचा घसा त्या दिवशी बसलेला होता. त्याहून वाईट म्हणजे सकाळी ती गल्लीतून जात असताना तरुण पत्रेवाला एक डबा तोंडापुढे धरून तिची हुबेहूब नक्कल करत होता. तिच्या बोलण्यात मावशीच्या काळचं काही गावंढळ वळण राहून गेलं होतं. तेच त्याने नेमकं उचललं होतं. सगळी गल्ली हसत होती. बटणवालीसुद्धा हसली होती. इतकी वर्षं यांच्यासाठी घसा फोडला, त्याचं हे फळ, असं मनात घेऊन ती सभेला बसली होती.

"भोंगेबाई, मागच्या मंडळींना समजावून सांग. मग मत घेऊ," दोरवाला म्हणाला.

ती वळली आणि गल्लीच्या भाषेत म्हणाली, "भोंगा फार वाजतो म्हणतात. बोलणं कमी करायचंय. चालेल ना?"

एवढंच. कुठल्या भाषेतलं बोलणं कमी होणार, ते तिने सांगितलंच नाही. गल्लीतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भोंग्याचा त्रास त्यांनाही होता. बटणवालीने हात वर केला, तिच्यामागून बाकीच्यांनी केला. भोंगेबाईनेही आपला हात वर केला.

"एकमताने!" दोरवाल्याला भरून आलं. "इतक्या तऱ्हेची माणसं आणि एक मत. असा बाजार दाखवा मला दुसरीकडे कुठे!"

घरी आल्यावर तिने ताट बाजूला सारलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मग उद्या सांग की त्यांना. त्यात काय!" पण उद्याचं परवावर गेलं. पुढे बटणवालीनेच विचारलं, "ताई, हल्ली आमच्याशी बोलत नाहीस भोंग्यातून?" तेव्हा ती म्हणाली, "घसा बरा नाही गं." बटणवालीने दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी गरम पाण्याची किटली पाठवली. ती किटली टेबलावर होती तोवर भोंगेबाईला काचेच्या खोलीत बसवेना.

पुढे हिवाळ्यातल्या एका सकाळी बाजार गच्च भरलेला असताना पंप सांभाळणारा माणूस धापा टाकत जिना चढून आला. मागच्या गल्लीवर लोखंडी पायांवर पाण्याची मोठी टाकी होती. तिचा एक पाय गंजून वाकला होता.

"गल्ली रिकामी करायला सांग! आत्ताच्या आत्ता!"

भोंगेबाईने सांगितलं. बाजाराच्या भाषेत, स्पष्ट, दोनदा. गल्लीत खरेदीला आलेली माणसं पिशव्या टाकून पळाली. तिच्या ओठांवर दुसरी भाषा आली होती, मावशीची. पण इतक्या दिवसांच्या सवयीने बोट माइकच्या बटणावरून निघालं होतं. बाकीचे पळतायत ते पाहून तेही उठतीलच, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात मागून आवाज आला, जमीन हादरली आणि पाण्याचा लोंढा भाज्यांच्या ढिगांपर्यंत आला.

गल्लीतल्या बऱ्याच जणांना वाटलं होतं, तपासणीवाले आले. माल जप्त होईल या धास्तीने ते आपापला माल गोळा करत बसले होते. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीबच म्हणायचं. चार-पाच जण जबर जखमी झाले. बटणवालीच्या मांडीवर लोखंडी तुळई पडली होती.

दवाखान्यात डॉक्टरांना दुभाषी हवा होता. बाजारातून अर्थातच भोंगेबाईला पाठवलं. ती खाटेशी उभी राहिली. हाड कुठे मोडलंय, पाय आखूड राहील, कुबडी लागेल, हे सगळं तिने एकेक शब्द सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही. डॉक्टर गेल्यावर बटणवाली छताकडे बघत म्हणाली,

"तुझा आवाज ऐकला होता मी."

भोंगेबाईने तिची चादर सारखी केली.

"शेजारीण म्हणाली, काहीतरी झालंय, चल. मी म्हटलं, आपल्यासाठी असतं तर ताईने आपल्याला सांगितलं असतं. तिलाही मीच बसवून ठेवली."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भोंगेबाईला बसून रडता आलं असतं. ती तशीच बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली. येणारे-जाणारे विचारत होते, तुमचं कोण आहे आत?

चौकशी झाली. दोष टाकी बसवणाऱ्या कंत्राटदाराचा निघाला. सभेत दोरवाल्याने भोंगेबाईचं कौतुक केलं. प्रसंगावधान राखून तिने वेळेवर सूचना दिली, तिच्यामुळे कितीतरी गिऱ्हाइकं वाचली. पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काय चाललंय हे न कळून मागच्यांनीही वाजवल्या. ते तिला सहन झालं नाही. ती उठली.

"टाळ्या थांबवा. मागे ठराव झाला तेव्हा मी यांना नीट सांगितलं नव्हतं," ती बाजाराच्या भाषेत म्हणाली. मग तेच गल्लीच्या भाषेत म्हणाली, आणि पुढे प्रत्येक वाक्य तसंच दोनदा. "बोलणं कमी करायचंय एवढंच म्हटलं. यांच्या भाषेतलं बोलणं बंद करायचंय हे लपवलं. मला यांचा राग आला होता. कारण अगदी क्षुल्लक होतं. तो ठराव एकमताचा नव्हता. ते मत यांचं नव्हतंच, मी काढून घेतलेलं होतं."

नवऱ्याने मान खाली घातली.

दोरवाला सावरून म्हणाला, "बाई, समजा तू नीट सांगितलं असतंस. यांनी हात वर केले नसते. तरी आमचे जास्तच होते ना? ठराव झालाच असता."

"झाला असता."

"मग?"

ती म्हणाली, "मग यांना तेव्हाच कळलं असतं. यांनी भांडण काढलं असतं, तुमच्या दारात येऊन बसले असते, निदान माझ्या आवाजाची वाट बघत राहिले नसते. आणि दोरवालेदादा, दुकानं कधी उघडायची ते मोजा की हात. पण टाकी पडतेय हे कुणाला कळू द्यायचं, ते हात मोजून कसं ठरवता?"

"उद्या आणखी चार मुलखांची माणसं येतील," पुढच्यांपैकी कुणीतरी ओरडलं. "तेव्हा काय दिवसभर भोंगाच ऐकायचा?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात पत्रेवाला उठला. त्याने नक्कल केली होती हे त्याला आठवतही नसावं. तो बाजाराच्या भाषेत, अडखळत म्हणाला, "एक भाषा, दोन भाषा, नंतर बघू. पहिलं हे. आमचं बोलणं आता हिने सांगायचं नाही. आमचं माणूस आम्ही देऊ."

त्यावर मत घेतलं. भोंगेबाईने स्वतःविरुद्ध हात वर केला. दोरवाल्याने या वेळी घाई केली नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला कळलंय का, हे पत्रेवाल्याला तीनतीनदा विचारलं. सभा लांबली, लोक वैतागले, दोन जण उठूनही गेले. ठराव कसाबसा पास झाला.

आता काचेच्या खोलीत दोन माइक आहेत. दुसऱ्यावर दिवेवाल्याची मुलगी बसते. कामाला चोख आहे. भोंगेबाईशी कामापुरतं बोलते. पुढचे दुकानदार अजून कुरकुरतात आणि दर काही महिन्यांनी दोन भाषांचा विषय पुन्हा सभेत निघतो. कधी ठराव टिकतो, कधी निर्णय पुढे ढकलला जातो. दोरवाला म्हातारा दिसायला लागलाय. नवरा म्हणतो, "तू सांगितलंस ना सगळं? मग आता सोड की." ती मान डोलावते.

बटणवाली उन्हाळ्यात परत आली. कुबडी भिंतीला टेकवून उंच स्टुलावर बसते. पहिल्याच दिवशी भोंगेबाई तिच्याकडे गेली आणि गल्लीच्या भाषेत म्हणाली, "कशी आहेस? पाय दुखतो का?"

बटणवालीने हातातली बटणं खाली ठेवली. तिने तोंड फिरवलं नाही. दुसरं एक स्टूलही तिच्यापुढे सरकवलं. पण उत्तर दिलं ते बाजाराच्या भाषेत, एकेक शब्द जुळवून, परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

"बरी आहे, बाई. तुम्हाला काय पाहिजे?"