मॉरिसव्हिल ते मायामी: दाराबाहेरून ऐकलेली फिल्म

रेवाची फिल्म मायामीला दाखवणार आहेत हे कळलं तेव्हा नवऱ्याने लगेच विमानाची तिकिटं बघायला घेतली आणि मी गाडीचं ऑइल बदलायला टाकलं. सत्तावीस वर्षांच्या लेकीबरोबर बारा तास गाडीत बसायला मिळणं ही चैन आहे. ती मी दोन तासांच्या फ्लाइटवर उधळणार नव्हते. नवऱ्याच्या ऑफिसात नेमका त्याच वीकेंडला सॉफ्टवेअरचा रिलीज निघाला, त्यामुळे तो घरीच राहिला.

रेवा इथेच, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये वाढली. शाळेत शिकवते आणि उरलेल्या वेळात छोट्या डॉक्युमेंटरी करते. मागच्या वर्षी ती क्युबाला जाऊन आली. तिथे मातान्सास नावाच्या शहरात लासारो म्हणून एक गृहस्थ प्रेशर कुकर दुरुस्त करतात. जुन्या टायरच्या ट्यूबमधून रिंगा कापायच्या, चेपलेली झाकणं ठोकून सरळ करायची, असं दिवसभर चालतं. त्यांच्यावर हिची बारा मिनिटांची फिल्म. क्युबातल्या रोजच्या जगण्यावरच्या सात फिल्म्स मायामीतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवणार होते, त्यात हिची चौथी. मी ती पाहिलेली नव्हती. "लॅपटॉपवर नाही, आई. बिग स्क्रीनवरच बघ," असं तिने वर्षभर मला थोपवून धरलं होतं.

शुक्रवारी सकाळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासभर चहा घेऊन निघालो. आय-फॉर्टी हायवेने थोडं जाऊन आय-नाइंटीफाइव्ह पकडायचा, मग फ्लोरिडापर्यंत डोकं लावायचं काम नाही. साउथ कॅरोलायनात रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, मिठाच्या पाण्यातल्या, अगदी आपल्यासारख्या. पाच डॉलरला मोठी पिशवी. गाडीत खाणार असाल तर मांडीवर टॉवेल घ्या, मी घेतला नव्हता.

शेंगा निम्म्या झाल्यावर रेवा म्हणाली, "आई, एक प्रॉब्लेम आहे."

लासारोंची बहीण मिर्ता मायामीला लागूनच असलेल्या हायालीयात राहते. शूटिंगला परवानगी देताना लासारोंनी एकच अट घातली होती. फिल्म जगाला दाखव, माझ्या बहिणीला दाखवू नकोस. कारण त्यांच्या घराची मागची खोली पावसात कोसळली आहे आणि ते स्वयंपाकघरात खाट टाकून राहतात. फिल्ममध्ये ते सगळं दिसतं. बहिणीला मात्र फोनवर ते घर ठणठणीत आहे म्हणून सांगतात.

"आणि तिने आपल्याला संडेला लंचला बोलावलंय. भावाकडे एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती एवढंच तिला माहितीये."

"मग फिल्मचं बोलूच नकोस."

"पोस्टर्स लागलीयेत यार, आई. तिला कळलंच असेल. ती येणार असली तर मी फिल्म विथड्रॉ करणार. आय गेव्ह हिम माय वर्ड."

मी चिडले. वर्षभर राबलीस, आपण एवढी गाडी हाणत चाललोय ते काय शेंगा खायला, असं बरंच बोलले. तिने शांतपणे इंडिकेटर देऊन लेन बदलली. सवाना येईपर्यंत मी उरलेल्या शेंगा एकटीने संपवल्या. तिथे हायवेलगतच्या मोटेलमध्ये शंभर डॉलरला खोली आणि सकाळी हाताने करायचे वॉफल्स मिळाले.

शनिवारी सात तासांत मायामी गाठलं. आमचा नॉर्थ कॅरोलायनाचा टोलचा टॅग फ्लोरिडातही चालला. कॉफीसाठी दुकानात शिरू नका, खिडकीवर उभं राहून घ्या. बोटभर कपात इतकी गोड आणि कडक कॉफी देतात की माझे कान गरम झाले. शाकाहारी असाल तर काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस आहे का हे विचारून घ्या, बहुधा असतंच.

रविवारी बारा वाजता मिर्ताकडे पोचलो. माझ्याच वयाची, ठेंगणी, हॉटेलच्या खोल्या आवरायचं काम करणारी. तिने आमच्यासाठी मुद्दाम बिनमांसाची उसळ केली होती, शिवाय भात आणि चेपून तळलेली कच्ची केळी. तिचं इंग्रजी हळू, आणि माझंही तिच्याशी बोलताना आपोआप हळू झालं. मी दशम्या दिल्या. तिने एक खाल्ली आणि उरलेल्या डब्यात लपवल्या. तिथेच मला ती आवडली.

जेवण वाढता वाढता ती सहज म्हणाली, "तीनचा शो ना? मीही येते. लासारोला बघून पाच वर्षं झाली."

रेवाने चमचा खाली ठेवला. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मिर्ता, तुम्हाला फिल्म दाखवायची नाही असं मी त्यांना कबूल केलंय. तुम्ही येणार असाल तर मी ती काढून घेईन."

मिर्ताने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"कारण सांगितलं त्याने?"

"सांगितलं. पण मी तुम्हाला नाही सांगू शकत."

"नकोच सांगूस," मिर्ता म्हणाली. "फिल्म काढायची नाही. मी येईन आणि बाहेर बसेन." मग तिने रेवाच्या ताटात अजून दोन केळी वाढली.

हॉलबाहेर वीस-पंचवीस म्हातारे-कोतारे मिळेल तिथे बसले होते. दार मोकळं दिसल्यावर मी पुढे जाऊन पहिला नंबर लावला. मिर्ताने हसत माझा दंड धरून मला मागे आणलं. रांग केव्हाच लागलेली होती. क्युबन पद्धत अशी की आल्या आल्या 'शेवटचं कोण?' एवढं विचारायचं, त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल सावलीत जाऊन बसायचं. माझा नंबर पिवळ्या ब्लाउजवाल्या बाईनंतर होता. दार उघडल्यावर सगळे कुरकुर न करता अगदी क्रमाने आत गेले, आणि पुढे घुसल्याची मला चांगलीच लाज वाटली.

मिर्ता बाहेर बाकावर बसली. पहिली फिल्म पावाच्या दुकानाची होती. दुसरीत एक शिक्षिका वीज आल्याबरोबर धावत जाऊन आठवड्याचे कपडे इस्त्री करते. तिसरीत दोन शेजारी टॉर्चच्या उजेडात डॉमिनो खेळतात आणि लहान मुलांसारखे भांडतात. लोक पोट धरून हसत होते. मला मात्र सारखा तो बाक दिसत होता. तिसरी संपली तशी मी उठले. रेवा पहिल्या रांगेत होती. तिने वळून पाहिलं, मी दाराकडे बोट केलं. तिने मान डोलावली.

बाराशे किलोमीटर गाडी चालवून आले आणि लेकीची फिल्म सुरू झाली तेव्हा मी हॉलबाहेर होते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

दार नीट लागत नव्हतं. आधी पत्र्यावर हातोडीची टकटक आली, मग एका माणसाचा खर्जातला आवाज. मिर्ताने माझा हात धरला.

"दात पडलाय त्याचा," ती म्हणाली. "पुढचा. उच्चार ऐक."

आत लोक हसले. मिर्ता त्यांच्या आधीच हसली होती, विनोद तिला पाठ होता. मग बराच वेळ नुसती भांड्यांची खुडबुड चालली.

"पूर्वी तो अंगणात बसून फोन करायचा," ती हळूच म्हणाली. "शेजारचा कोंबडा ऐकू यायचा. दोन वर्षं झाली, आता मागे नुसती भांडी वाजतात. व्हिडिओ लावत नाही, इंटरनेट बरं नाही म्हणतो. तो स्वयंपाकघरात झोपतो."

मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"तू काही बोलू नकोस, मी विचारत नाहीये. मला ठाऊक आहे हे त्याला कळू देऊ नका, एवढंच."

"तू जाऊन का येत नाहीस?"

"कागदपत्रं अडकलीयेत. बाहेर गेले तर परत येता येणार नाही." मग तिने विचारलं, "तुला आहे भाऊ?"

"नागपूरला. दादा."

"तो काय म्हणतो?"

"म्हणतो, एकदम मजेत."

तिने नुसता माझा हात थोपटला.

टाळ्या संपल्यावर रेवा बाहेर आली. मिर्ताने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एकच प्रश्न विचारला, "बारीक झालाय का?" रेवा म्हणाली, "थोडेसे." आणि मग आमची ही खंबीर मुलगी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शुक्रवारी गाडीत मी तिला जे जे बोलले होते ते सगळं मला तिथे परत घ्यावंसं वाटलं. परतीच्या वाटेवर घेतलंही. ती म्हणाली, "इट्स ओके, आई. मलाही भीती वाटत होती."

पेट्रोल, तीन मुक्काम, टोल, खाणंपिणं धरून दोघींचा सगळा खर्च साडेसातशे डॉलरच्या आत बसला. मार्चमध्ये जा, उकाडा सोसवतो. फिल्म मी नंतर घरच्या टीव्हीवर पाहिली. चांगली केलीय पोरीने.

पुढच्या शनिवारी दादाला फोन केला. व्हिडिओ लागला नाही. नेट स्लो आहे म्हणाला, दिवाळीपासून तेच म्हणतोय. पण या वेळी मी त्याच्या बोलण्याच्या मागचं ऐकत होते. वहिनी दबक्या आवाजात म्हणत होती, "आधी बसा, मग बोला." पाच पावलांनंतर त्याला दम लागतोय हे ऐकू येत होतं. "कसा आहेस?" मी विचारलं. "एकदम मजेत," तो म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही.

माझी कागदपत्रं अडकलेली नाहीत. त्याच दुपारी नागपूरचं तिकीट काढलं. दादाला कळवलेलं नाही. कळवलं तर दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो मला घ्यायला विमानतळावर येऊन उभा राहील.