बिनआवाजाची लढाई

आमचे भावोजी चष्म्याच्या दुकानात दिवसभर खोटं बोलतात. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणतो, कारण थोरल्या बहिणीचा नवरा असूनही त्यांनी माझ्याकडून मानपान कधी मागितला नाही. गिऱ्हाईकानं कितीही विचित्र फ्रेम नाकावर चढवली, तरी हे आरसा पुढे धरून म्हणणार, "वा! तुमच्यासाठीच बनवलीय." शटर खाली ओढलं की मात्र त्यांचं खरं बोलणं सुरू होतं आणि ते एकाच विषयावर. सिनेमा. त्यातही दूरदूरच्या देशांतला, आणि शक्यतो चार-दोन शतकांपूर्वीच्या काळावरचा.

दुकानामागच्या जुन्या थिएटरात रविवारी सकाळी असे सिनेमे लागतात. तिथे प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या जास्त. भावोजींची तिथली हजेरी कधी चुकली नाही. परत आले की हात धुता धुता मत सुरू.

"मला सांग, इतका मोठा दरबार. म्हातारे प्रधान, म्हातारे सरदार. आणि एकाचीही नजर अधू नाही? सगळे लांबूनच खलिते वाचतायत!"

"तेव्हा चष्मे नव्हते, भावोजी."

"अरे, मग निदान डोळे तरी बारीक करा! आणि सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र. राजाला कधी शिंक येत नाही. त्यापेक्षा ते संथ सिनेमे बरे. बाई खिडकीशी उभी राहते. आपण म्हणतो, आता काहीतरी होणार. काही होत नाही. घरी येऊन जेवायला बसलो की मग होतं."

"काय होतं?" ताई आतून विचारते. "आमटी गार होते, ते ना?"

या खऱ्या बोलण्यापायी त्यांचं एक नातंही गेलंय. त्यांच्या एका लांबच्या साडूंच्या मुलानं एक छोटा सिनेमा काढला होता आणि सगळ्यांनी कौतुक केल्यावर भावोजींनी, विचारलं म्हणून, मत दिलं. तेव्हापासून साडू चष्मा दुसरीकडून करून घेतात. त्या चष्म्यानं त्यांचं डोकं दुखतं म्हणे, पण इकडे पाऊल टाकत नाहीत.

म्हणून भाचीचा फोन आला तेव्हा घरात आनंद झाला नाही, धसका बसला.

भाची, म्हणजे यांची एकुलती एक, सिनेमाची संकलक आहे. ढीगभर तुकड्यांतून नको ते कापून हवं ते जोडायचं, हे तिचं काम. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिला पहिल्यांदा स्वतंत्र सिनेमा मिळाला होता. एका फार जुन्या लढाईवरचा. ती म्हणाली, "बाबा, अजून कच्चा आहे, पण बघायला या. इथे सगळे मला छान छान म्हणतायत. खरं सांगणारं कुणी नाही."

फोन ठेवल्याबरोबर ताई म्हणाली, "हे बघा, पोटची पोर आहे. दुकानात म्हणता तसं म्हणून मोकळे व्हा."

"तिला कळेल गं. लहानपण माझ्या दुकानात गेलंय तिचं. तो आवाज ती ओळखते."

"मग खोकला आलाय म्हणून सांगा."

"आणि नाहीच आवडला तर? तिला कसं सांगू? साडूचं पोर वेगळं, हे पोर वेगळं."

पुढचे काही दिवस भावोजींचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एका म्हाताऱ्या जोडप्याचे चष्मे त्यांनी अदलाबदल करून दिले. दोघं बरेच दिवस एकमेकांच्या चष्म्यातून बघत होती. भांडणं कमी झाली म्हणाली, पण भावोजींना हसू आलं नाही. रात्री ताईला म्हणाले, "मी तिला ते सिनेमे दाखवायला नेलं नसतं, तर ती आज बँकेत असती." ताई म्हणाली, "आणि तिथेही तुम्ही तिला खरं खरंच सांगितलं असतं. झोपा."

ठरल्या दिवशी आधाराला म्हणून मला बरोबर नेलं. भाचीची खोली एवढीशी, काळ्या पडद्यांची. टेबलावर दोन मोठे स्क्रीन, उष्ट्या कपांची रांग आणि आमच्यासाठी कुठून तरी ओढून आणलेल्या दोन खुर्च्या. पोरगी वाळली होती. "पाणी हवं?" तिनं विचारलं आणि पाणी न आणताच सिनेमा लावला.

मी सिनेमा कमी आणि भावोजींना जास्त बघत होतो. सुरुवातीला ते खुर्चीच्या कडेवर होते. दरबार आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, संपलं. मग लढाई आली आणि आवाजच गेला. घोडे उधळतायत, तलवारी आपटतायत, माणसं तोंडं वासून ओरडतायत, आणि खोलीत नुसती पंख्याची घरघर. वर आकाश हिरवंगार. लढाई सरल्यावर एक म्हातारी प्रेतांमधून मुलाचा बूट शोधत फिरते. तिचाही आवाज नाही.

भावोजी चष्मा काढून पुसायला लागले. काच पुसून झाली तरी रुमाल डोळ्यांवरच होता.

दिवा लागला. भाची नखं खात उभी. "बोला, बाबा."

"पोरी," भावोजी म्हणाले. "मी इतकी वर्षं सिनेमे बघतोय. असली लढाई बघितली नाही. सगळे ढोल बडवतात. तू आवाजच काढून घेतलास! मेलेल्या माणसांना कसला आला आवाज? आणि ते हिरवं आकाश! जमीनच वर जाऊन बसलीय, वा! ही हिंमत मी फार थोड्यांत बघितली."

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते हिरवं कापड आहे. त्याच्या जागी नंतर किल्ला बसवतात. आणि लढाईचा आवाज, संगीत, सगळं अजून भरायचंय. कच्चा आहे म्हणाले होते ना मी फोनवर?"

"कच्चा?" भावोजी पुटपुटले. "मला वाटलं, तू नम्रपणानं म्हणतेयस."

मला हसू आवरलं नाही. भाचीही हसली. भावोजींनी पुसलेला चष्मा पुन्हा चढवला. येताना रस्त्यात मध्येच थांबून म्हणाले, "म्हणजे आजवर ज्यांना मी थोर म्हणत आलो, त्यांतले कच्चे किती होते, कुणास ठाऊक."

त्यानंतरच्या रविवारी ते थिएटरात गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ताई मला म्हणाली, "जन्मभर म्हणत आले, जाऊ नका. आता जा म्हणते तर जात नाहीत. जेवताना एक शब्द बोलत नाहीत रे. आमटी गरम असते आणि मलाच गोड लागत नाही."

मग एकदा जेवताना पुन्हा भाचीचा फोन आला. भावोजींनी तो लांब धरून ऐकला, त्यामुळे आम्हीही ऐकला.

"बाबा, आकाशाचं सोडा, तिथे किल्ला बसला. पण त्या म्हातारीवर संगीत चढवलं की म्हातारी दिसेनाशीच होते. मला कधीपासून ते खटकत होतं, काय खटकतंय ते कळत नव्हतं. तेवढा भाग मुका ठेवलाय."

"कुणाला विचारून?"

"दिग्दर्शिका तयार नव्हत्या. म्हणाल्या, लोक ओरडले तर तुझ्या नावावर. मी म्हटलं, चालेल."

"अगं, माझं काय ऐकतेस! मला कापड आणि आकाश कळत नाही!"

"म्हातारी कळली ना?" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. भावोजींच्या हातून ताटात पाण्याचा पेला सांडला.

पहिल्या खेळाला थिएटर भरलेलं. भाची पुढच्या रांगेत दिग्दर्शिकेशेजारी, आम्ही तिघं मागे. लढाई आली ती छातीत धडधडणाऱ्या वाद्यांसकट. भावोजी खुर्चीचे हात धरून बसले. आणि म्हातारी आली तसा आवाज तुटला.

आधी वाटलं, सगळे बघतायत. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. "ए, आवाज!" दुसरा ओरडला, "झोपला काय रे?" कुणी खुर्ची आपटली. एक गृहस्थ तक्रार करायला तरातरा बाहेर गेले. दिग्दर्शिका भाचीच्या कानाशी काहीतरी बोलल्या.

भावोजींचा गार हात माझ्या मनगटावर पडला. "पोरीचं वाटोळं केलं मी," ते म्हणाले.

म्हातारी एक बूट उचलायची, उलटा करून बघायची, ठेवायची. शिट्ट्या चालूच होत्या. तेवढ्यात भाची मागे वळली. ओरडणाऱ्यांकडे तिनं बघितलंच नाही. अंधारात ती फक्त बापाचा चेहरा शोधत होती.

भावोजींनी एकदा पडद्याकडे बघितलं, म्हातारीकडे. मग माझं मनगट सोडलं, पाठ ताठ केली आणि मुलीला दिसेल अशी मोठी मान हलवली. होय.

ती पुढे वळली.

ओरडणं थांबलं म्हणणार नाही, पातळ झालं. कुणीतरी कुणाला "श्श" म्हणालं. बाहेर गेलेले गृहस्थ आले आणि दारातच उभे राहिले. मग एकदम वाद्यं सुरू झाली आणि भावोजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बिघडवलं! अजून जरा थांबायला हवं होतं."

पुढच्या रांगेत भाचीचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय, मला कळेना. मी ताईला विचारलं, तर ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "गप रे. बूट सापडतोय का बघू दे."