सपाट पृथ्वी आणि साखरेची गोळी

अप्पांनी पृथ्वी सपाट करून टाकली, याचं मला एवढं काही वाटलं नसतं. निवृत्त माणूस, हातात मोबाइल, सोलापूरची रणरणती दुपार; काहीतरी खूळ डोक्यात शिरणारच. पण एकदा जेवताना त्यांच्या ताटाजवळ ठेवलेली मधुमेहाची, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत साखरेची, गोळी त्यांनी बोटानं बाजूला सारली.

"जी माणसं येवढ्या मोठ्या धरतीबद्दल खोटं बोलत्यात, ती माझ्या रगताबद्दल खरं बोलत्याल व्हय?"

आई गेल्यापासून अप्पा माझ्याकडेच राहतात. गोळ्या मीच काढून देते आणि ते घेतात, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी त्यांची गादी झटकताना उशीखाली न घेतलेल्या गोळ्यांची पुरचुंडी सापडली. तेव्हाच त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा नीट पाहिला. चपलेनं लागलेलं होतं, बरेच दिवस झाले तरी भरत नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला वाटलं, हे तर माझंच काम. पृथ्वी गोल करून दाखवली की गोळी आपोआप पोटात जाईल. त्या संध्याकाळपासून आमच्या घरात रोज शास्त्रार्थ सुरू झाला.

अप्पा कुर्डुवाडीकडच्या रेल्वेत मुकादम होते. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे प्रमुख. रूळ कुठं दबलाय हे बघायला ते गुडघे टेकायचे, गाल रुळाला लावायचे, एक डोळा मिटायचे आणि लांबवर बघायचे. केसभर खड्डा असला तरी त्यांना दिसायचा. मग रुळावर लेव्हल, म्हणजे पाण्याच्या नळीची पट्टी, ठेवायची. तिचा बुडबुडा मधोमध आला की काम पास. आता त्याच बुडबुड्यावर त्यांनी सगळी पृथ्वी तोलली होती.

"सारी नोकरी लेव्हल लावण्यात गेली माझी," ते म्हणायचे. "धरती वाकडी आसती तर बुडबुडा एका अंगाला पळाला नसता का? मला कुणी साहेबानं सांगितलं न्हाय, की बाबा, गोलाईचा हिशेब धर."

मी म्हणायची, "अप्पा, बुडबुड्याला पृथ्वीचा आकार कळत नाही. त्याला फक्त खाली कुठं आहे ते कळतं. आणि खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. तुम्ही पुढं सरकलात की खालीसुद्धा थोडं वळतं."

"खाली वळतं!" ते हसायचे. "आन् सूर्याभवती आपुन गरगर फिरतुया म्हनं. मग ह्या कपातला चहा का सांडंना?"

"गाडी एका वेगानं चालली की डब्यातला चहा सांडतो का?"

"लई सांडतो. तू बसलीस कवा पॅसेंजरमदी?"

मी चिडायची. वर्गात चिडले की फळ्याकडे वळता येतं, इथं समोर बाप. एकीकडे मी गुरुत्वाकर्षण समजावत असायची आणि दुसरीकडे नजर त्यांच्या अंगठ्यावर. कड काळपट वाटतेय का? की उजेडच तसा पडलाय? दवाखान्यात चला म्हटलं की ते चादर ओढून पाय झाकायचे. मी शाळेत मुलांचे पेपर तपासताना मध्येच पेन थांबवून घरी फोन करायची, आणि त्यांनी उचलला नाही की लगेच परत लावायची.

शेवटी एका रविवारी त्यांना जेऊरला आत्याकडे घेऊन गेले. तिथून उजनी धरणाचं पाणी जवळ आहे. पहाटेच निघालो होतो, ऊन अजून चढलं नव्हतं. शाळेतली दुर्बीण सोबत घेतली होती. बांधावर उभं राहून त्यांना पलीकडच्या काठाच्या होड्या दाखवल्या. पांढऱ्या रंगाच्या, नीट दिसत होत्या. मग म्हटलं, "आता खाली पाण्याजवळ जाऊन बघा."

अप्पा लंगडत उतरले. गुडघे टेकले, पार पाण्याला गाल लागेल इतके वाकले, एक डोळा मिटला आणि दुर्बीण दुसऱ्याला लावली. बराच वेळ हलले नाहीत. मग उठून बांधावर आले, बघितलं. परत खाली गेले, परत वाकले.

"होड्या न्हाईत," ते म्हणाले. "झाडाचे शेंडे हायत. मधी पानी फुगलंय."

"फुगलं नाही, अप्पा. वळलंय."

"व्हय," ते म्हणाले. "वळलंय. माझा डोळा खोटं सांगायचा न्हाय."

मला नाचावंसं वाटलं. आत्याच्या ओसरीत जेवायला बसलो तेव्हा मी जिंकल्याच्या तोऱ्यात त्यांच्या पुढ्यात गोळी ठेवली. आता काय राहिलं होतं?

त्यांनी गोळी परत बाजूला सारली.

"गोल हाय, मान्य केलं की," ते भाकरी मोडत म्हणाले. "पर तुझ्या आईचा रिपोर्ट नॉर्मल होता. मीच आनला होता लॅबातनं. डाक्टरानं हातात घिऊन बघितला, हसून म्हनला, मावशी ठणठणीत हायत. त्याच आठवड्यात गेली ती. त्यो रिपोर्ट खरा हुता का खोटा?"

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर येता येता थांबली. मी इतके दिवस ग्रह-तारे फिरवत बसले होते, आणि हा माणूस एका कागदापाशी अडकून पडला होता. हृदय असं अचानक बंद पडू शकतं, तपासणीत सगळंच दिसत नाही, हे सगळं मला बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी मोडलेली भाकरी तशीच ताटात ठेवून दिली, आणि मला एकदम रडू फुटलं.

"मला नाही माहीत, अप्पा," मी म्हटलं. "ती का गेली, मला खरंच नाही माहीत. पण तुम्ही गेलात तर मी काय करू?"

त्यांनी गोळीसाठी हात पुढं केला.

"आजची घेतो," ते म्हणाले. "उद्या त्या रिपोर्टाचं परत इचारनार हाय."