वंदनाची दारावरची बेल

वंदना गेली त्याला आज वर्ष झालं. "देवाघरी गेली" वगैरे मला लिहिता येत नाही. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आणली ती झाकून.

वंदना माझी धाकटी जाऊ. बी.एस्सी. झालेली. मुलं शिकायला बाहेर गेली आणि हिला सर्किटं जोडायचा नाद लागला. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे आणि माझ्या डायनिंग टेबलवर सोल्डरिंग करायचं.

टेबलाला डाग पडले. मी बोलले. तिनं खाली पेपर अंथरला आणि काम चालू ठेवलं.

आमचे सासरे, मामाजी, तेव्हा विसरायला लागले होते. कोणाला न सांगता घराबाहेर पडायचे.

रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या तात्यापाऱ्यात रस्ता ओलांडणं धडधाकट माणसालाही जड जातं. एक दिवस मामाजी अनवाणी पार गोल बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानात बसलेले सापडले.

मी कुलूप आणलं.

"ताई, कुलूप नका लावू. घरच्या माणसाले कोंडते का कोणी?" वंदना म्हणाली.

"मग गाडीखाली येऊ देऊ?"

"मले थोडा टाइम द्या."

तिनं पॅसेजमध्ये, दाराजवळ सेन्सर लावला. अगदी दारासमोरून माणूस गेला की स्वयंपाकघरात बेल वाजणार.

वाजली. खूप वाजली. पॅसेजमध्ये कोणी नसतानाही वाजली.

आधी पालीवर संशय घेतला. मग सेन्सर बदलला. नवाही तसाच. आम्ही दोघी कणकेच्या हातानं पळत जायचो आणि पॅसेज रिकामा.

शेवटी उठणंच सोडलं.

आणि एका दुपारी ती खरी वाजली. आम्ही पोळ्या लाटत बसलो.

समोरचे साहू भैया मामाजींना हात धरून घेऊन आले. स्कूटरचा धक्का लागला होता. कोपरातून रक्त येत होतं.

"उद्यापासून कुलूप," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वंदना पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसली.

"ताई, लाइट लावा. बंद करा. परत लावा."

एलईडी ट्यूब लावली की बेल. बंद केली की बेल. पॅसेज अंधारा, त्यामुळे आतल्या टोकाचं ते बटण दिवसभर कोणी ना कोणी दाबायचंच. तिनं ट्यूब काढून जुना पिवळा बल्ब लावला. मी बटण दाबून दाबून थकले, बेल गप्प.

"ट्यूबचा उजेड लागते का त्याले?" मी विचारलं.

तिनं परत ट्यूब लावली, सेन्सरसमोर पुठ्ठा धरला. तरी वाजली.

"उजेड नाही, ताई. वायर."

ट्यूबची वायर आणि सेन्सरची वायर एकाच पट्टीतून, एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. ट्यूब लागता-विझता तिच्या वायरमधला झटका शेजारणीत उतरायचा. सेन्सरला वाटायचं, माणूस गेला.

"एका पट्टीत काहून घातल्या मग?"

"तुम्हीच म्हटलं ना, वायरी लोंबून राहिल्या, पाहुणे काय म्हणतीन. तुमच्या सफाईनंच घात केला."

"आता काय लोंबू द्यायच्या?"

"हव."

तिनं सेन्सरची वायर पीळ देऊन समोरच्या भिंतीवरून नेली. सेन्सरपाशी असा झटका गिळणारा एक छोटा कपॅसिटर जोडला. दिवसभर मी येता-जाता मुद्दाम बटण दाबत होते. एकदाही वाजली नाही.

संध्याकाळी वाजली. मामाजी दाराशी उभे होते.

मला वाटलं, ती त्यांना आत आणेल. तिनं त्यांच्यापुढे चपला ठेवल्या, स्वतःच्या घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघून गेली.

अंधार पडताना दोघं पेरू घेऊन परतले.

"त्यांले फिरायचं असते, ताई. संग कोणी पाहिजे, बस."

त्यानंतर बेल वाजली की तीच जायची. वर्षभर मी जाते आहे. गुडघे दुखतात. चिडचिड होते. कधी वाटतं, ऐकलीच नाही असं समजून बसून राहावं.

उठते.

आज सकाळी तिच्या फोटोला हार घालत होते, तेवढ्यात वाजली.

"वंदना कुठं आहे?" मामाजींनी विचारलं.

"गेली, मामाजी."

त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "तू चाल मग."

मी त्यांच्याबरोबर गेले.

वंदना, वयानं मी मोठी. तरी आज तुला हात जोडते.