डोणीतल्या चिंबोरीचं बाळंतपण

आमच्या घरी श्रावण पाळायची एक खास रीत होती. आषाढ अमावास्येला पोटाला तडस लागेपर्यंत खायचं आणि दुसऱ्या दिवसापासून खाणाऱ्यांना नावं ठेवायची. यात काकांचा हात धरणारा उभ्या डोंबिवलीत कोणी नव्हता. वडील माझ्या लहानपणीच गेले, तेव्हापासून त्यांचे हे थोरले भाऊ घराचे कर्ते. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. चिंबोरीचा नांगा दाताखाली फोडायचा आणि त्याच तोंडाने सुभाषित म्हणायचं, ही कला त्यांना साधली होती.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील. त्या आषाढ अमावास्येला खाडीकडच्या गावातली एक आगरी बाई टोपली घेऊन आली. टोपलीत ओढ्यातल्या काळ्या चिंबोऱ्या होत्या. अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात, पुनवेच्या पोकळ, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही ठाऊक. आईने चिंबोऱ्या मोरीत ओतल्या आणि धुताना त्यातली सगळ्यात मोठी निसटली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी बंबामागे सापडली. तोवर श्रावण लागला होता.

आता मोठाच धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहिला. खायची नाही आणि मारायचीही नाही. आई म्हणाली, शेतात सोडून देऊ. काकांनी चिंबोरीचा आकार पाहिला आणि त्यांचं मन कळवळलं. शास्त्राने खाणं वर्ज्य सांगितलंय, सांभाळणं नव्हे, असा निवाडा त्यांनी दिला. श्रावण जाईल, पाठोपाठ गणपती येतील, विसर्जन झालं की बघू. परसात विहिरीपाशी गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती. तिच्यात थोडा चिखल, पाणी आणि दोन फुटकी कौलं टाकून चिंबोरीची सोय लावली. वर फळी ठेवली आणि फळीवर पाटा.

मी तेव्हा इंटर सायन्सला होते आणि प्राणिशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक वाचून मला पुष्कळ शिंगं फुटली होती. मी काठीने चिंबोरी उलटी केली. पोटाखालची झडप रुंद, म्हणजे मादी. झडप जराशी उचलली तर आत बाजरीच्या दाण्यांएवढी केशरी अंडी गच्च चिकटलेली. मी घरात जाहीर केलं की यातून काटेरी शेपटीचे सूक्ष्म जीव निघून पाण्यात तरंगतील आणि बऱ्याच अवस्थांनंतर त्यांच्या चिंबोऱ्या होतील.

काका हसले. म्हणाले, "पुस्तकं वाचून अक्कल येत नाही. चिंबोरीची पिल्लं आईचं पोट फाडून बाहेर येतात आणि आई मरते. पण हूं की चूं करत नाही. याला म्हणतात मातृत्व."

हे ते माझ्याकडे बघून बोलले, पण बोलणं होतं वहिनीसाठी. वहिनी समोर तांदूळ निवडत बसली होती. तिला सातवा महिना होता. आधीचं बाळंतपण आमच्या मागल्या अंधाऱ्या खोलीत झालं होतं. मूल गेलं आणि ती जेमतेम वाचली. ठाण्याला नौपाड्यातल्या डॉक्टरांनी दादाला बजावलं होतं की पुढच्या वेळी घरी ठेवू नका, सरळ आमच्या प्रसूतिगृहात आणा. काकांना ते मान्य नव्हतं. आमच्या घरातल्या बायका त्याच खोलीत बाळंत झाल्या, असं ते अभिमानाने सांगत. त्यातल्या किती त्या खोलीतून उठून बाहेर आल्या, हे सांगत नसत. आणि दादा तर काकांसमोर प्यायला पाणी मागायलाही कचरायचा. बायकोचा जीव कुठून मागणार?

त्या दिवसापासून डोणीचं सगळं वहिनीने आपल्याकडे घेतलं. शिळा भात, भोपळ्याची साल, कधी गांडूळसुद्धा, नाक मुरडत का होईना, ती टाकायची. मी कॉलेजातून आले की पहिला प्रश्न हाच, की बघ गं, बरी दिसते ना.

पिल्लं निघाली तेव्हा माझं पुस्तक तोंडावर आपटलं. काटेरी शेपटी नाही, तरंगणं नाही, अवस्था नाहीत. पाय, नांग्या, डोळे सगळं जिथल्या तिथे असलेल्या इवल्याशा चिंबोऱ्याच निघाल्या आणि आईच्या झडपेखाली लटकून राहिल्या. पुस्तक समुद्रातल्या खेकड्यांबद्दल बोलत होतं आणि मी ते ओढ्यातल्या खेकडीवर चिकटवत होते. समुद्रातली आई पिल्लं लाटांवर सोडून मोकळी होते. ओढ्यातलीला तसं परवडत नाही, पिल्लं वाहून जातील. म्हणून ती त्यांना पोटाशी घेऊन हिंडते. पुढे पिल्लं थोडी थोडी उतरून चिखलात फिरू लागली. त्यातली काही कमी झाल्यासारखी वाटली. त्यांच्या आईनेच गट्टम केली असावीत, पण मातृत्वाचा विषय चालू होता म्हणून मी गप्प राहिले.

श्रावण संपता संपता एका सकाळी काकांची हाक आली. सगळे परसात धावलो. फळी बाजूला केलेली, डोणीत पिल्लं सैरावैरा पळताहेत आणि मधोमध चिंबोरी निपचित पडलेली. पाठीमागून उकललेली, आत रिकामी.

"बघा," काका म्हणाले. त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. मग त्यांनी तिथेच, जानवं सावरत, प्रवचन सुरू केलं. देहाचं सार्थक कशात असतं वगैरे. आईने आतून हळदकुंकू आणलं आणि त्या कवचाला वाहिलं. दादा हात जोडून उभा. मला काकांचा असा राग आला की ती डोण त्यांच्या डोक्यावर उपडी करावी. वहिनीचा एक हात पोटावर होता.

मी कवच उचललं. ते कागदासारखं हलकं होतं. पायांची टोकं, नांग्या, अगदी डोळ्यांवरच्या टोप्यासुद्धा शाबूत. फक्त चिंबोरी तेवढी नव्हती. मी विचारलं, मांस कुठे गेलं? काका म्हणाले, पिल्लांनी खाल्लं. त्या ज्वारीएवढ्या पिल्लांनी रातोरात, नांगीच्या टोकापर्यंत, ओरखडाही न उठवता.

वहिनी डोणीच्या काठाला धरून हळूच खाली बसली. तिने बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि मोठं कौल उचललं.

खाली चिंबोरी होती. फिकट, लोण्यासारखी मऊ, आणि आधीपेक्षा मोठी. पिल्लं पोटावरून उतरली तशी तिने जुनं कवच टाकलं होतं आणि नवं टणक होईपर्यंत ती कौलाखाली लपली होती. वहिनीने बोट लावलं तर मागे सरकली.

"काका, ही जिवंत आहे," वहिनी म्हणाली. "मला नौपाड्याला जायचंय."

काका म्हणाले, ही दुसरी असेल. फळीखाली, पाट्याखाली दुसरी कुठून येणार, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. पण दादाने जोडलेले हात सोडले. आयुष्यात पहिल्यांदा काकांना न विचारता तो आत गेला आणि ट्रंक काढून वहिनीची लुगडी भरू लागला.

निघण्याआधी वहिनीने मला बादली दिली. मी चिंबोरी आणि उरलेली पिल्लं भातशेतापलीकडच्या ओढ्यात सोडून आले. विसर्जनानंतर काकांनी मोठ्या आशेने फळी उचलली, आणि दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

ठाण्यात वहिनीच्या पोटातलं मूल आडवं निघालं. शस्त्रक्रिया करावी लागली. घरी असती तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं. वहिनी लेकीला घेऊन परत आली तेव्हा मागल्या खोलीत आईने छतापर्यंत लाकडं भरून ठेवली होती, खाट टाकायलाही जागा उरली नव्हती.

पुढच्या आषाढ अमावास्येला पंगत बसली. एक पाहुणे होते, त्यामुळे काकांना उत्साह आला. नांगा फोडत त्यांनी चिंबोरीच्या त्यागाची गोष्ट सुरू केली. पोट फाडून पिल्लं कशी आली, आई कशी निमूट मेली, आणि हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी कसं पाहिलं. वहिनी मुलीला कडेवर घेऊन वाढत होती.

"मेली नव्हती, काका," ती म्हणाली. "ठाण्याला गेली होती."

आणि तिने त्यांच्या पानात आणखी एक नांगा वाढला.