कणकुंबीच्या अंगणातून दिसलेला ओमेगा

निघण्याआधी यादी तपासली. दुर्बीण, तिची तिपाई, लाल कागद लावलेली बॅटरी, आक्काच्या गोळ्या. सगळं होतं.

आक्का माझी थोरली बहीण, विज्ञानाची निवृत्त शिक्षिका. आता मुलाकडे कणकुंबीला असते. तिच्या नजरेच्या मधोमध काळा डाग बसलाय आणि तो वाढतो आहे. फोनवर म्हणाली, "नरतुरंगातला ओमेगा एकदा बघायचाय गं. दिसतंय तोवर." ओमेगा म्हणजे दक्षिणेकडच्या नरतुरंग तारकासमूहातला लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ. चैत्रातली अमावास्या धरून मी पुण्याहून निघाले.

निपाणीत तंबाखूचा वास खिडकीतून आत आला आणि आमचं खळं आठवलं. पानं वाळत पडलेली असायची आणि तिथंच पडून आक्का मला आकाश शिकवायची. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी माझ्या लांब पिशवीकडे बोट केलं.

"तोफ हाय काय, ताई?"

"दुर्बीण आहे. तारे बघायला."

"मग बरं. सीमाभागात तोफ आणू नगासा, आधीच लई गोंधळ हाय."

बेळगावात कुंदा (दूध आटवून केलेली इथली मिठाई) घेतला, गाडी बदलली. जांबोटीनंतर जंगल दाट झालं. कणकुंबीत आक्का दारातच होती, पण बघत होती माझ्या शेजारच्या खांबाकडे. मला जरा लागलंच.

जेवण लवकर उरकून अंगणात दुर्बीण लावली.

"चित्रेवरनं खाली उतर, दक्षिणेकडं," आक्का म्हणाली. सापडला.

"आक्का, आपण समजायचो की एका गुच्छातले सगळे तारे एकाच वायूतून, एकदमच झाले. आता त्यांचा प्रकाश फोडून बघितलाय. काहींत सोडियम जास्त, ऑक्सिजन कमी. थोरल्या ताऱ्यांनी टाकलेल्या वायूतून धाकटे झाले असावेत. ओमेगात तर लोखंडही सगळ्यांत सारखं नाही."

"म्हंजे पोरींना मी खोटं शिकवलं व्हय?"

"तेव्हा तेवढंच माहीत होतं."

ती हसली. "तंबाखूगत हाय की! एकाच झाडाची पानं. खालची फिकी, शेंड्याची कडक. जन्म खळ्यावर गेला, पण ध्यानात आलं न्हाय."

तिनं दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ वाकून होती.

"नुसता डागच दिसतोय गं. ऱ्हाऊ दे."

यावर माझ्या यादीत काहीच उपाय नव्हता. ती बाजूला व्हायला लागली, तेवढ्यात मला खळ्यावरचा तिचाच आवाज आठवला.

"थांब. अंधुक वस्तूकडं रोखून बघायचं नाही, कडेला बघायचं. हे मला कुणी शिकवलं?"

आक्कानं नजर हळूच बाजूला वळवली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"हाय गं, हाय! पीठ सांडल्यागत. कडंला दाणं बी दिसाय लागलेत."

सकाळी परतीच्या गाडीत बसले. पिशवी तीच, पण आता तिच्यात दुर्बीण नव्हती. ती अंगणातच राहू दिली. गाडी हलली तशी आक्कानं हात वर केला. ती माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या खिडकीकडे बघत होती. म्हणजे मी तिला दिसत होते.